खाते बदलणाऱ्याची बिदागी



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा कामगार चळवळीच्या भवितव्यावर आम्ही काही भारदस्त बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही ‘बँकेतले खाते’ असे म्हटल्यावर ते क्षणभर गप्प राहिले आणि मग सौजन्याने ‘चालेल’ म्हणाले. त्यांचा संकोच आम्हांला कळतो. काल याच व्यासपीठावर ज्ञानेश्वरीवर व्याख्यान झाले, उद्या ग्रहताऱ्यांवर आहे. मध्येच हा युनियनवाला पासबुक हातात धरून उभा! पण आमचे शिक्षण दहावीपाशी संपले. पुढचे जे काही झाले ते कारखान्याच्या फाटकावर, पगारपत्रके वाचता वाचता आणि नगर वाचनालयाच्या बाकावर. गेली तीस वर्षे कामगाराच्या पगाराचा माग काढीत आम्ही हिंडत आहो. मालकाच्या कचेरीपासून निघालेला तो माग हल्ली बँकेच्या खिडकीपाशी येऊन थांबतो. म्हणून हा विषय.

विषयाला निमित्त झाले ते असे. गेल्या दिवाळीत आमच्या एका जुन्या सहकाऱ्याचा मुलगा इंग्लंडहून आला होता. लेस्टर शहरातल्या एका मोठ्या गोदामात तो हिशेबाचे काम करतो. चहा पिता पिता तो सहज म्हणाला, “काका, यंदा नुसत्या बँका बदलून मी सहाशे पौंड मिळवले.” सहाशे पौंड म्हणजे आपले सत्तर हजार रुपयांच्या आसपास. त्याचे वडील तीस वर्षे लेथवर उभे राहिलेले. त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारले, “अरे, हे कायद्यात बसते ना?” मुलगा हसला. कायद्यात बसते, इतकेच नव्हे तर बँकाच तशी जाहिरात करतात: आमच्याकडे खाते आणा, शंभर पौंड घ्या, कोणी दीडशे देतो, एखादा दोनशेही.

त्याची रीत आम्ही त्याच्याकडून दोनदा समजावून घेतली, कारण पहिल्या वेळी आमचा विश्वास बसेना. ज्या खात्यात पगार जमा होतो त्या मुख्य खात्याला तो हात लावीत नाही. दुसऱ्या एका बँकेत तो एक साधे खाते उघडतो. हे खाते बळी देण्यासाठीच जन्माला घातलेले असते. त्यातून दोन लहानसहान वर्गण्या दरमहा परस्पर वळत्या होतील अशी व्यवस्था तो करतो, कारण बक्षीस देणाऱ्या बँकेची अटच असते की, येणाऱ्या खात्याबरोबर अशी दोन तरी देणी आली पाहिजेत. मग तो तिसऱ्या बँकेला अर्ज करतो: माझे ते खाते तुमच्याकडे हलवा. सात कामाच्या दिवसांत जुने खाते बंद होते, त्यातली सगळी देणी नव्या खात्यात येतात, आणि चुकून कोणी जुन्या खात्यावर पैसे पाठवले तर तेही आपोआप नव्या खात्यात येऊन पडतात. दुसरी अट असते ती ठरावीक रक्कम भरण्याची; समजा, पंधराशे पौंड. तो मुख्य खात्यातून पंधराशे काढून इथे भरतो आणि दोन दिवसांनी परत नेतो. पुढच्या बँकेत पुन्हा तेच पंधराशे. एकच शालू साऱ्या जावांनी आळीपाळीने नेसून निरनिराळ्या लग्नांत मिरवावा, तसा हा प्रकार. महिनाभरात बक्षीस जमा झाले की हे नवे खाते पुढच्या बँकेसाठी बळी जाते.

ही सात दिवसांची सोय इंग्लंडात १६ सप्टेंबर २०१३ रोजी सुरू झाली. २००८ च्या आर्थिक कोसळणीनंतर तिथल्या सरकारने सर जॉन व्हिकर्स यांच्या अध्यक्षतेखाली बँकांविषयी एक आयोग नेमला होता. त्याने २०११ साली अहवाल दिला की, मूठभर मोठ्या बँकांच्या हाती सगळे खातेदार अडकून पडले आहेत. खाते हलवणे सोपे केल्याशिवाय या बँकांना एकमेकींची भीती वाटणार नाही. त्या शिफारशीतून ही व्यवस्था आली. हेतू चांगला होता. आणि त्या हेतूच्या अंगणात आमच्या मित्राच्या मुलाने आपला छोटा धंदा थाटला.

आता प्रश्न असा की, बँक म्हणजे काही धर्मशाळा नव्हे. मग ती दारात येणाऱ्याला दीडशे पौंड का देते? आमच्या मराठीत याला फार चांगला शब्दप्रयोग आहे: आवळा देऊन कोहळा काढणे. चालू खात्यात पडून राहणाऱ्या पैशावर बँक व्याज देत नाही किंवा नाममात्र देते. इतके स्वस्त भांडवल तिला दुसरीकडे कुठे मिळणार? शिवाय पगार जिथे येतो तिथूनच माणूस पुढे घरासाठी कर्ज काढतो, क्रेडिट कार्ड घेतो. महिनाअखेरीस हात आखडला तर ओव्हरड्राफ्टने खात्यातल्यापेक्षा जास्त रक्कम काढतो. आणि त्या ओव्हरड्राफ्टवर इंग्लंडातल्या बहुतेक मोठ्या बँकांनी २०२० पासून दरसाल चाळीस टक्क्यांच्या आसपास व्याज लावले आहे. आमच्या लहानपणी गावातला सावकार यापेक्षा थोडा सौम्य होता, असे म्हणण्याचा मोह होतो. पण सावकाराची बाजू घेण्याचे पाप आम्ही करणार नाही.

परंतु खरा हिशेब याहून खोल आहे. बँक पैज लावते ती माणसाच्या आळसावर. २०१६ साली तिथल्या स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने बँकांची चौकशी केली, तेव्हा असे आढळले की, शंभर खातेदारांपैकी वर्षाकाठी अवघे तीन बँक बदलतात. बदलण्याची सोय झाली, जाहिराती झाल्या, रोख बक्षिसे लागली, तरी तीन! उरलेले सत्त्याण्णव जागचे हलत नाहीत. म्हणजे बक्षीस घेऊन आलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे मुकाट्याने तिथेच बसतील आणि त्यांच्याकडून दीडशेची वसुली अनेकपट होईल, हा बँकेचा अंदाज चुकत नाही. आमच्या मित्राच्या मुलासारखा एखादा भुंगा मध चाखून उडून गेला तर तो खर्च बँकेने आधीच धरलेला असतो.

तो धरलेला खर्च निघतो कुणाच्या पदरातून? २०१८ साली इंग्लंडातल्या ‘सिटिझन्स अॅडव्हाइस’ या लोकांना मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेने एक मोठी तक्रार दाखल केली. बचत खाती, घरकर्ज, घराचा विमा, मोबाइल आणि इंटरनेट अशा पाच बाजारांत, जो गिऱ्हाईक इमानाने एकाच ठिकाणी राहतो त्याच्याकडून वर्षाला एकूण ४१० कोटी पौंड जास्त उकळले जातात, असा त्यांचा हिशेब होता. निष्ठेला दंड! आमच्याकडे वीस वर्षे एकाच कारखान्यात राबलेल्या कामगाराला नव्याने आलेल्यापेक्षा कमी पगार मिळतो तेव्हा आम्ही फाटक बंद करतो. तिथे पुढे निदान एवढे झाले की, घराच्या व मोटारीच्या विम्यात जुन्या गिऱ्हाइकाला नव्यापेक्षा जास्त दर लावण्यास जानेवारी २०२२ पासून बंदी आली. बचत खात्याला मात्र ती लागू नाही.

त्या मुलाला आम्ही विचारले, “तुझ्या गोदामातले इतर लोकही हे करतात का?” तो थोडा विचारात पडला. कचेरीतले चारपाच जण करतात, म्हणाला. खाली माल उचलणारे नाहीत. त्यांच्याजवळ दोन दिवस इकडून तिकडे फिरवायला पंधराशे पौंड नसतात. कामाचे तास आठवड्याआठवड्याला बदलतात, त्यामुळे पगारही कमीजास्त. कित्येकांचे खाते आधीच ओव्हरड्राफ्टमध्ये. आणि नव्या खात्याचा अर्ज केला की बँक त्यांची पत तपासते, ती नोंद राहते. दोनतीन अर्ज नाकारले गेले की पुढे घरभाड्याच्या वेळी प्रश्न निघतात. म्हणजे बक्षीस ज्याला नको असले तरी चालेल त्याला मिळते, आणि ज्याचा त्या दीडशे पौंडांत महिन्याचा किराणा भागेल तो चाळीस टक्क्यांचे व्याज भरून त्या बक्षिसाला हातभार लावतो. आयजीच्या जिवावर बायजी उदार, हीच ती गोष्ट.

तरी त्या मुलाला आम्ही दोष देत नाही. नियम बँकेने लिहिले, याने ते बारकाईने वाचले. छापील करार शेवटच्या ओळीपर्यंत वाचणाऱ्या माणसाविषयी आम्हांला नेहमीच आदर वाटत आला आहे. आमच्या कामगारांनी ती सवय लावून घेतली असती तर आमचे अर्धे खटले टळले असते. फक्त त्याने ‘मी बँकेला लुटले’ असे म्हणू नये. बँक लुटली गेलेली नाही.

अमेरिकेतली तऱ्हा निराळी, आणि जुनी. १९३३ च्या कायद्याने तिथे चेकच्या खात्यावर व्याज देण्यास मनाई झाली आणि बचतीवरच्या व्याजालाही सरकारने कमाल मर्यादा घातली. दर सारखेच, मग गिऱ्हाईक ओढायचे कसे? बँका वस्तू वाटू लागल्या. खाते उघडा, टोस्टर घ्या, घोंगडी घ्या, चिनी मातीची ताटे घ्या. बँकेच्या शाखेत भांड्यांच्या दुकानासारखी मांडणी असे. १९८० च्या कायद्याने बचतीवरची व्याजमर्यादा टप्प्याटप्प्याने उठू लागली, १९८६ पर्यंत ती गेली आणि टोस्टरही गेले. त्यांच्या जागी रोख डॉलर आले. तिथेही खाती उघडून, बक्षीस घेऊन, बंद करणारे लोक आहेत. पण बँकाही शहाण्या झाल्या आहेत. काही महिन्यांच्या आत खाते बंद केले तर कित्येक बँका बक्षीस परत कापून घेतात. बक्षिसाची रक्कम व्याजासारखी धरून तिच्यावर प्राप्तिकर लागतो. आणि खात्यात पगार थेट जमा झाला पाहिजे, ही अट तर जवळजवळ सगळीकडे.

या शेवटच्या अटीपाशी आम्ही थोडे थांबतो, कारण आमचा विषय तिथेच आहे. दोन्ही देशांतल्या बँका कशावर डोळा ठेवून आहेत, तर कामगाराच्या पगारावर. खाते ही नुसती रिकामी थैली. दरमहा न चुकता तिच्यात पडणारा पगार, हा खरा माल. त्या मालाला बाजारात किंमत आहे. इंग्लंडात ती किंमत कामगाराच्या हातावर, थोडी का होईना, ठेवली जाते. आणि अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने असे ठरवून टाकले आहे की, ‘अमुकच बँकेत खाते उघड’ अशी नोकरीची अट मालकाला घालता येत नाही.

आता आपल्या गावाकडे येऊ.

आमचे वडील मुंबईच्या गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर ते गावी परतले ते कायमचे. त्यांचा पगार पाकिटातून हातावर पडे, आणि त्या पाकिटाला कायद्याचे पाठबळ होते: १९३६ च्या वेतन कायद्यानुसार मजुरी चालू नाण्यांत किंवा नोटांतच देणे मालकाला भाग होते. मजुरीच्या बदल्यात धान्य, कापड, मालकाच्या दुकानाची चिठ्ठी असे चालत नसे. पुढे दुरुस्ती झाली की, कामगाराने लेखी संमती दिली तर चेकने किंवा बँकेच्या खात्यात पगार द्यावा. २०१७ च्या दुरुस्तीने ती लेखी संमतीही अनावश्यक ठरली. आम्ही स्वतः बँकेतल्या पगाराच्या बाजूचे होतो, हे इथे कबूल केले पाहिजे. कारण ठेकेदार रजिस्टरवर पूर्ण मजुरीची सही घेत आणि हातावर दोनतृतीयांश ठेवीत. खात्यात पैसे आले की चोरी थांबेल, असे आम्ही प्रत्येक सभेत सांगत होतो. चोरी थांबली नाही. ठेकेदाराने कामगारांची एटीएम कार्डे आपल्या खिशात ठेवायला सुरुवात केली. एका ठेकेदाराच्या मुकादमाजवळ आम्ही रबर लावलेला कार्डांचा गठ्ठा पाहिला आहे, पत्त्यांच्या कॅटासारखा. प्रत्येक कार्डाच्या पाठीवर त्याचा गुप्त क्रमांक पेनाने लिहिलेला.

आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या उपाहारगृहात भांडी घासणाऱ्या एक मावशी आहेत. अकरा वर्षे त्याच मोरीवर, त्याच कामावर. या अकरा वर्षांत कामाचा ठेका चार जणांकडे गेला. प्रत्येक नव्या ठेकेदाराने सांगितले, “जुने खाते चालणार नाही, आमच्या बँकेत उघडा.” म्हणजे मावशींनीही चार वेळा बँक बदलली. लेस्टरच्या मुलाने बँक बदलली की त्याला दीडशे पौंड. मावशींनी बदलली की प्रत्येक वेळी अर्ध्या दिवसाचा खाडा, झेरॉक्सचे पैसे आणि रिक्षाभाडे. त्या चार वेळांत बँकेने जे काही दिले असेल ते ठेकेदाराला. त्याला स्वस्त कर्ज मिळाले की नुसतीच भिंतीवरची दिनदर्शिका, ते त्याचे त्याला ठाऊक.

पुढची गोष्ट अधिक वाईट. पगारखात्यावर किमान शिल्लक ठेवावी लागत नाही, ही त्याची मोठी थोरवी सांगितली जाते. पण काही महिने, सहसा तीन, पगार जमा झाला नाही की तेच खाते साधे बचत खाते होते आणि त्याला किमान शिल्लकेची अट लागू होते. ठेका बदलला, पगार थांबला, खाते साधे झाले, दंड सुरू झाला. मावशींनी जुन्या खात्यात अडीनडीला म्हणून बावीसशे रुपये ठेवले होते. दीड वर्षाने पासबुक भरून आणले तर शिल्लक शून्य. शून्याखाली गेली नाही, कारण किमान शिल्लकेच्या दंडापायी खाते उणे करता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ एप्रिल २०१५ पासून आहे. बँकेतल्या बाईंनी हा नियम मावशींना उपकार सांगावा तसा सांगितला.

हे एकट्या मावशींचे गाऱ्हाणे नव्हे. २०१७ साली एप्रिल ते नोव्हेंबर या आठ महिन्यांत देशातल्या सर्वांत मोठ्या सरकारी बँकेने, स्टेट बँकेने, किमान शिल्लक न ठेवल्याबद्दल खातेदारांकडून १,७७१ कोटी रुपये वसूल केले. त्याच वर्षीच्या जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत बँकेला जो नफा झाला, त्याहून ही रक्कम मोठी होती. पुष्कळ ओरड झाल्यावर दंड कमी झाला आणि मार्च २०२० मध्ये तो रद्द झाला. २०२५ साली आणखी काही सरकारी बँकांनीही तो सोडला. ही चांगली गोष्ट आहे, आणि ती ओरडीने झाली हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. पण त्याच २०२५ च्या ऑगस्टमध्ये एका मोठ्या खाजगी बँकेने शहरातल्या नव्या खात्यांसाठी किमान शिल्लक पन्नास हजारांवर नेली, आणि आरडाओरडा होताच काही दिवसांत पंधरा हजारांवर आणली.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा पंधराशे रुपये खात्यांत येऊ लागले, तेव्हा आमच्या कचेरीत बायांची रांग लागली. पैसे जमा झाल्याचा संदेश आहे, खात्यात पैसे नाहीत. कारण ते आधारला जोडलेल्या खात्यात गेले होते, आणि आधारला जोडलेले खाते कुठले, तर दोन ठेकेदारांपूर्वी उघडलेले. कित्येकींच्या तिथल्या रकमेतून आधी थकलेला दंड कापला गेला. अशा तक्रारी राज्यभरातून आल्या, आणि ही रक्कम कापू नका असे राज्य सरकारला बँकांना सांगावे लागले. तिकडे पंधराशे पौंड चार बँकांतून फिरवून बक्षीस मिळवणारा मनुष्य. इकडे पंधराशे रुपये शोधत चार बँकांच्या पायऱ्या चढणारी बाई. दोघांची पासबुके शेजारी ठेवली तर ओळी जवळजवळ सारख्याच दिसतील.

बँकेतल्या नोकरवर्गाविषयी इथे कुणाचा गैरसमज होऊ नये. खिडकीपलीकडे बसलेला कारकून आमच्याइतकाच नोकर आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये अमेरिकेतल्या वेल्स फार्गो या बलाढ्य बँकेला साडेअठरा कोटी डॉलरचा दंड झाला. तिच्या नोकरांनी ग्राहकांना न विचारता वीस लाखांच्या घरात खाती आणि कार्डे काढली होती, असे उघडकीस आले. का काढली? प्रत्येक ग्राहकाच्या गळ्यात आठ निरनिराळी खाती, कार्डे, कर्जे बांधलीच पाहिजेत, असा वरून आलेला आकडा होता. प्रकरण अंगाशी आल्यावर, मागच्या काही वर्षांत या कारणासाठी ५,३०० नोकरांना काढल्याचे बँकेने सांगितले. त्याच महिन्यात आपल्याकडे बातमी आली की, २८ ऑगस्ट २०१४ ला सुरू झालेल्या जनधन योजनेतल्या लक्षावधी खात्यांत नेमका एकेक रुपया जमा आहे. शून्य शिल्लकेच्या खात्यांचा आकडा कमी दिसावा म्हणून शाखांतल्या कर्मचाऱ्यांनीच, काहींनी तर स्वतःच्या खिशातून, तो भरला होता. दोन देश, एक महिना, आणि रोग तोच: खाते माणसासाठी नसून आकड्यासाठी. वेल्स फार्गोच्या आल्बुकर्की इथल्या शाखेतल्या नोकरांनी डिसेंबर २०२३ मध्ये मतदान करून युनियन स्थापन केली. आठ मतदारांत पाच विरुद्ध तीन! आकडा लहान आहे, पण आमची पहिली सभा सहा जणांची होती.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय मुद्दाम निवडला तिच्याकडे येतो, आणि इथे तरुण मंडळींनी विशेष लक्ष द्यावे. आपल्याकडे खाते उघडण्याबद्दल रोख पैसे देणारे लोक आता मोहल्ल्यामोहल्ल्यांत फिरू लागले आहेत. फक्त ते बँकेचे नव्हेत. आमच्या एका सभासदाचा मुलगा, आयटीआय झालेला, शिकाऊ म्हणून लागलेला. त्याला एका ओळखीच्या पोराने सांगितले: नवे खाते काढ, पासबुक, एटीएम कार्ड आणि त्या खात्याला जोडलेले सिमकार्ड मला दे, चार हजार रुपये रोख घे, पैसे तुझे नाहीत, तर भीती कसली? मुलाला वाटले, ही तर परदेशात चालते तशी स्कीम. त्याने तसले व्हिडिओ पाहिलेले होते. अडीच महिन्यांनी दुसऱ्या राज्याचे पोलीस दाराशी आले. त्याच्या खात्यातून कुणा निवृत्त गृहस्थाची आयुष्याची पुंजी आरपार गेली होती. खात्यावर नाव याचे, फोटो याचा, सही याची. ओळखीचे पोर पसार. त्या मुलाचे खरे पगारखातेही गोठवले गेले. त्याच्या वडिलांचे दुसरे वर्ष वकिलाच्या पायरीवर चालले आहे. अशा भाड्याच्या खात्यांचा सुळसुळाट इतका झाला की, ती हुडकून काढण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२४ च्या अखेरीस एक स्वतंत्र संगणकीय यंत्रणा पुढे आणली. बँकेने जाहीर केलेले बक्षीस घेणे वेगळे आणि आपले नाव भाड्याने देणे वेगळे. पहिल्यात तुम्ही गिऱ्हाईक असता. दुसऱ्यात मालच तुम्ही.

आम्ही काय केले ते थोडक्यात सांगतो, कारण अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले आहे. वर सांगितलेल्या उपाहारगृहात मागच्या वर्षी ठेका पाचव्यांदा बदलला. या खेपेस कामगारांनी नव्या खात्याचे अर्ज भरायचे नाकारले. एकशे सव्वीस जण होते. मागणी एवढीच की, प्रत्येकाचे जे खाते आज चालू आहे त्यातच पगार टाका. ठेकेदार म्हणाला, आमच्या प्रणालीत बसत नाही. आम्ही म्हटले, दुसऱ्या बँकेच्या खात्यात पैसे पाठवायला एक मिनिटही लागत नाही, हे रस्त्यावरच्या भाजीवालीलाही माहीत आहे. नऊ दिवस घोळ चालला. दहाव्या दिवशी बँकेचा अधिकारी स्वतः आला आणि म्हणाला, आमच्याकडे या, अपघात विमा देतो, शिवाय पगार थांबला तरी किमान शिल्लक मागणार नाही. लेखी देता का, असे विचारले तर ‘वरती विचारतो’ म्हणाला. त्यातले सत्तरेक जण विम्यासाठी गेले, उरलेले जुन्या खात्यावर राहिले. दोघांचेही पगार वेळेवर येत आहेत. ‘पगार थांबला तरी शिल्लक नको’ हे वाक्य मात्र अजून कागदावर आलेले नाही. युनियनने एकगठ्ठा सौदा करायला हवा होता, असे आमचे काही सहकारी म्हणतात. त्यांचे बरोबरही असेल. आमचा जीव त्या निवडीत अडकला होता.

ज्यांच्या घरी जुनी पासबुके पडून आहेत त्यांना दोन शब्द. दोन वर्षे व्यवहार झाला नाही की खाते निष्क्रिय होते. ते पुन्हा सुरू करायला बँक पैसे मागू शकत नाही, आणि निष्क्रिय खात्यावर किमान शिल्लकेचा दंड लावू शकत नाही, असा १ एप्रिल २०२४ पासून नियम आहे. दहा वर्षे तसेच राहिले तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जाते, पण बुडत नाही. खातेदाराला किंवा वारसाला ती मागता येते. कोणत्या बँकेत काय पडले आहे ते शोधण्यासाठी ऑगस्ट २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचे ‘उद्गम’ नावाचे संकेतस्थळ आहे. जे खाते नको ते लेखी अर्ज देऊन बंद करा आणि पोच घ्या. बंद करण्यापूर्वी भविष्यनिर्वाह निधीला आणि आधारला कोणते खाते जोडले आहे ते पाहा, नाहीतर आपलेच पैसे बंद दारावर धडका देत बसतील.

सभा संपल्यावर दाराशी आमचे दोन सहकारी टेबल घेऊन बसतील. खाते बंद करण्याचे आणि निष्क्रिय खाते चालू करण्याचे अर्ज मराठीत छापून आणले आहेत, फुकट आहेत. मावशीही तिथे आहेत. त्यांची दोन जुनी खाती बंद झाली, तिसऱ्यात एकशे अडतीस रुपये निघाले, चौथे पासबुक अजून सापडायचे आहे. अर्ज कसा भरायचा ते त्या आमच्यापेक्षा नीट सांगतील. पेन तेवढे आपापले काढा, आमच्याकडे दोनच आहेत.